क्लच प्लेट का संपली?

घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनचा आवाज चढला, टॅकोमीटरचा काटा वर सरकला आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने रखडत राहिली, तर गॅरेजमध्ये त्याचं निदान दोन शब्दांत होतं : ‘क्लच गेला.’ बहुतेक वेळा ते बरोबर असतं, पण अर्धंच असतं. गुळगुळीत रस्त्यावर, समजून चालवलेल्या गाडीत क्लच प्लेट लाखभर किलोमीटर आरामात निघते. तीच प्लेट चिखलात, दगडगोट्यांत आणि ओढ्यानाल्यांत फिरणाऱ्या गाडीत एका पावसाळ्यात संपू शकते. नवी प्लेट बसवली आणि जुनी का संपली हे कुणी विचारलंच नाही, तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा मोजायची तयारी ठेवावी. क्लच कसा बदलतात ते या प्रकरणात आहेच. पण त्याआधी आणि त्यानंतर शोधायचं आहे ते कारण.

पकड येते कुठून?

उदाहरणाला महिंद्रा थार घेऊ. नाशिकला तयार होणारी ही गाडी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर सर्रास दिसते, आणि तिच्या क्लचची रचना जुन्या जीपपेक्षा तत्त्वतः वेगळी नाही. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील. त्याला चिकटून दोन्ही बाजूंनी घर्षणाचं अस्तर लावलेली क्लच प्लेट. तिच्यामागे प्रेशर प्लेट, आणि त्या प्रेशर प्लेटमध्ये बशीच्या आकाराची, मध्याकडे बोटं असलेली डायफ्रॅम स्प्रिंग. ही स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पॅडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकून त्या बोटांवर भार देतं, दाब सुटतो आणि इंजिनचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो.

सुरुवातीच्या मोटारींत शंकूच्या आकाराचे क्लच असत आणि त्यांच्यावर चक्क चामडं चढवलेलं असे. चामडं गेलं, ॲस्बेस्टॉस आला, तोही मागे पडला. गणित मात्र तेच राहिलं. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं : घर्षणांक, स्प्रिंगचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, म्हणजे दोन. थारच्या २०२० साली आलेल्या डिझेल मॅन्युअल गाडीचा कमाल टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आहे. घर्षणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर एवढा टॉर्क पेलायला सुमारे ५,००० न्यूटन दाब लागतो. थोडी राखीव ताकद जमेस धरून तो ६,५०० न्यूटन ठेवला, तर प्लेटवर साडेसहाशे किलो वजन ठेवल्यासारखा भार झाला. आता याच प्लेटवर इंजिन ऑइलचे चार थेंब पडले आणि घर्षणांक ०.१ वर आला असं समजा. स्प्रिंग तीच, प्लेट नवी कोरी, तरी क्लचची ताकद ३९० वरून १३० न्यूटन-मीटरवर येते. प्लेट न झिजताही क्लच कसा ‘जातो’, ते या आकड्यांतच आहे.

दुसरा हिशेब उष्णतेचा. पुढचं चाक दगडाला अडलं आहे, गाडी हलत नाही, चालकाने २,००० आरपीएमवर हाफ क्लच धरला आहे आणि क्लचमधून २०० न्यूटन-मीटर टॉर्क जातो आहे. गाडी जागची हलत नसल्यामुळे ती सगळी ताकद, सुमारे ४२ किलोवॉट, घर्षणातून उष्णता होते. दहा सेकंदांत ४ लाख २० हजार ज्यूल. खोलीतल्या तापमानाचं सव्वा लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच उष्णता पुरते. इथे मात्र ती काही मिलिमीटर जाडीच्या अस्तरात आणि त्याला भिडलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागात साठते. साध्या ऑरगॅनिक अस्तराची पकड साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपुढे ढासळू लागते. पकड कमी झाली की प्लेट जास्त घसरते, जास्त घसरली की आणखी तापते. जळका वास येतो तो इथे.

गाडीखाली शिरण्याआधी

क्लचची तक्रार साधारण चार प्रकारची असते आणि प्रत्येकीची परीक्षा वेगळी.

पहिली, स्लिप होणं. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरवर गाडी आणून ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग बरोबरीने चढले तर क्लच धरतो आहे. आरपीएम आधी उसळला आणि वेग मागून आला, तर तो घसरतो आहे. दुसरी परीक्षा उभ्या गाडीत करतात : हँडब्रेक पक्का, समोर कुणी नाही, चौथा गिअर टाकून क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी. दुखऱ्या क्लचवर ती पुन्हापुन्हा करणं म्हणजे उरलीसुरली प्लेटही जाळणं.

दुसरी, क्लच पूर्ण न सुटणं. पॅडल तळाला गेलं तरी गिअर पडताना करकर होते, रिव्हर्स तर लागतच नाही. पॅडल तीन-चार वेळा भराभर मारल्यावर गिअर नीट पडला, तर प्लेटला दोष देऊ नका. दोष हायड्रॉलिकचा, म्हणजे पॅडलचा जोर फ्लुइडमधून रिलीज बेअरिंगपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचा आहे. एक तर पाइपमध्ये हवा आहे, नाही तर सिलेंडरचं रबर गेलं आहे.

तिसरी, गाडी सुटताना थरथर. अस्तरावर तेल, फ्लायव्हीलवर तापून कडक झालेले डाग, वाकडी प्लेट ही नेहमीची कारणं. पण इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं रबर माउंटिंग फाटलं असलं तरी अगदी तशीच थरथर येते, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

चौथी, आवाज. पॅडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. न्यूट्रलमध्ये पॅडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा.

पॅडलही बरंच सांगतं. डायफ्रॅम क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की स्प्रिंगची बोटं मागे सरकतात आणि पॅडल हळूहळू जड लागू लागतं. क्लच ‘वर लागायला’ लागतो, म्हणजे पॅडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचलते. जुन्या जीपमध्ये, जिथे लिंकेज हाताने जुळवावं लागतं, तिथे प्लेट झिजेल तसा पॅडलचा मोकळा खेळ कमी होतो. तो शून्यावर आला की रिलीज बेअरिंग कायम बोटांवर टेकून राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. अशा गाडीत खेळ पुन्हा जुळवल्यावर स्लिप थांबली, तर हजारो रुपयांचं काम एका पान्यावर भागलं.

बेल हाउसिंगचं भोक

आता गाडीखाली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या घंटेसारख्या कवचाला बेल हाउसिंग म्हणतात. बऱ्याच गाड्यांत त्याच्या तळाला एक छोटं भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आत तेल गळलंच तर ते साचून प्लेटवर उडू नये, खाली टपकावं. लँड रोव्हर डिफेंडरमध्ये खोल पाण्यात उतरण्याआधी या भोकात स्क्रूची बुचं बसवायची आणि बाहेर आल्यावर ती काढायची असा रिवाज होता. बूच काढायला विसरलेल्या गाडीत गळकं तेल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते क्लचवर जातं.

त्या भोकाच्या कडेवर बोट फिरवून पाहा. बोट कोरडं राहिलं आणि काळी बारीक पूड लागली, तर अस्तर झिजतं आहे. पातळ काळं तेल लागलं तर ते डिझेल इंजिनचं, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलने हात टेकले. तेल दाट, पिवळसर-तपकिरी आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल, आणि दोषी इनपुट शाफ्टचं सील. तपकिरी चिखलाची पेस्ट लागली तर पाणी आत शिरून गाळ मागे ठेवून गेलं आहे. एवढं कळल्यावर ऑइल सील प्लेटच्या किटबरोबरच मागवता येतं. गिअरबॉक्स उतरवल्यावर सीलसाठी दुकानं धुंडाळावी लागत नाहीत.

हायड्रॉलिक तपासायला स्लेव्ह सिलेंडरचं रबरी टोपरं जरा मागे ओढून पाहा. आत ओल असेल तर सील गळतं आहे. मास्टर सिलेंडर गळत असेल तर तेल पॅडलच्या मागून केबिनच्या मॅटवर उतरतं. क्लचचं फ्लुइड, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणात पावसाळे काढलेल्या गाडीत ते चहासारखं तपकिरी झालेलं दिसतं. तेवढ्यावर प्लेट बदलू नका. आधी फ्लुइड बदला, हवा काढा, मग बोला.

आणखी एक प्रकार महाराष्ट्रात हमखास दिसतो. ओढा ओलांडून आलेली गाडी तशीच शेडमध्ये उभी राहते आणि दोन महिन्यांनी चालू केली तर कुठलाच गिअर पडत नाही. प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन गरम करून बंद करायचं, मोकळ्या जागी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून स्टार्ट करायचं, गाडी हळू चालू लागली की क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटरची चढउतार करायची आणि ब्रेक मारायचा. चिकटलेली प्लेट बहुतेक वेळा सुटते. सुटली नाही तरच गिअरबॉक्सला हात लावावा.

गिअरबॉक्स उतरवताना

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत हे काम साध्या गाडीपेक्षा मोठं असतं, कारण गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारं आणि हाय किंवा लो रेंज निवडू देणारं पेटारं, लटकलेलं असतं आणि प्रॉपेलर शाफ्ट एकाऐवजी दोन असतात. क्रम साधारण असा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नको, आणि चाकांना मागेपुढे ठोकळे लावा. केबिनमधून गिअर आणि ट्रान्सफरचे दांडे काढा. दोन्ही प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करूनच ते सोडवा. ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत परत बसले नाहीत तर नवा थरथराट घरी येतो. रिव्हर्स लाइट आणि फोर-व्हीलच्या स्विचच्या वायरी सोडवा. स्लेव्ह सिलेंडरचा पाइप न उघडता तो बोल्टसकट बाजूला बांधून ठेवा आणि पॅडलला कुणी पाय लावू नये म्हणून सगळ्यांना बजावा. पॅडल दाबलं तर पिस्टन बाहेर उडतो.

इंजिनच्या तेलपात्राखाली लाकडी ठोकळा ठेवून टेकू द्या, कारण मागचा क्रॉसमेंबर काढला की इंजिन मागे झुकतं. मग गिअरबॉक्सच्या जॅकवर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस तोलून, बेल हाउसिंगचे बोल्ट काढून, सरळ मागे ओढा. इथे एक चूक फार होते. जॅक जरा खाली बसतो आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे प्लेटच्या मधल्या हबवर येतं. जुनी प्लेट असेल तर फरक पडत नाही, पण परत चढवताना असं झालं तर नवी प्लेट बसायच्या आधीच वाकते.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे ढिले करा. एकेक बोल्ट पूर्ण काढत गेलात तर कव्हर वेडंवाकडं होतं. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर चांगला मास्क ठेवा.

जुनी प्लेट वाचताना

आता हातात आलेली जुनी प्लेट भंगारात टाकण्याआधी उजेडात धरा. कारण शोधायचं ते इथेच.

दोन्ही बाजूंचं अस्तर सारखं झिजून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलं असेल, तर तिने आपलं आयुष्य पूर्ण केलं. रिव्हेट अस्तराच्या पृष्ठभागाखाली किती खोल आहे हे खोली मोजायच्या गेजने बघतात. ०.३ मिलिमीटर ही बऱ्याच मॅन्युअलमधली शेवटची मर्यादा. त्याखाली गेलं की रिव्हेट फ्लायव्हीलवर गोल चरे पाडायला लागतात.

अस्तर जाड आहे पण काचेसारखं चकचकीत, फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा असतील, तर प्लेट उष्णतेने गेली. दोष चालवण्याच्या पद्धतीत आहे : हाय रेंजमध्ये चढ, हाफ क्लचवर दगड ओलांडणं, अडकलेली दुसरी गाडी रिव्हर्समध्ये ओढणं.

अस्तर जाड आणि तेलकट असेल तर सील. असं अस्तर पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिशपेपर मारून वापरू नका. तेल आत मुरलेलं असतं आणि पहिल्या तापण्यात बाहेर येतं.

मधल्या हबभोवतीच्या स्प्रिंगा तुटलेल्या किंवा हब रिव्हेटमधून उपटून आलेला असेल, तर धक्का बसला आहे. चिखलात भरधाव फिरणारं चाक अचानक कोरड्या दगडावर पकड घेतं, तेव्हा तो झटका सगळा याच स्प्रिंगांवर येतो. क्लच एकदम सोडून ‘उसळी’ घ्यायच्या सवयीचाही हा पुरावा.

डायफ्रॅमच्या बोटांची टोकं खोलगट झिजलेली आणि रिलीज बेअरिंग कोरडं असेल, तर चालकाचा डावा पाय सदोदित पॅडलवर असतो. अस्तराच्या रेषांमध्ये तपकिरी गाळ घट्ट बसला असेल आणि दोन्ही पृष्ठभागांवर बारीक समांतर चरे असतील, तर पाण्याबरोबर आलेल्या गाळाने सँडपेपरचं काम केलं. लाल मातीच्या मुलखात हे नेहमी दिसतं.

अस्तर एकाच बाजूला किंवा पाचरीसारखं तिरपं झिजलं असेल, तर मागच्या वेळी काम करणाऱ्याने गिअरबॉक्स लोंबकळू दिला होता, किंवा फ्लायव्हीलची तपासणी केलीच नव्हती.

नवी बसवताना

किट घेताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावं. एका छोट्या बेअरिंगसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं कुणालाच परवडत नाही. फ्लायव्हीलवर चरे किंवा डाग असतील तर लेथवर किंवा ग्राइंडरवर सपाट करून घ्या. ड्युअल मास फ्लायव्हील असलेल्या डिझेल गाड्यांत हे करता येत नाही. तिथे दोन भागांतला खेळ मॅन्युअलप्रमाणे तपासून, गरज पडल्यास ते बदलावं लागतं. क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली तर तेही बदला. मागचं क्रँक सील गळत नसेल तरी याच वेळी नवं घालणं शहाणपणाचं.

जास्त ताकदीच्या नावाखाली सिरॅमिकच्या तुकड्यांची प्लेट गळ्यात मारली जाते. ती उष्णता पेलते हे खरं, पण ती एकदम पकडते. दगडांवरून इंचाइंचाने गाडी सरकवताना लागणारा नाजूकपणा तिच्यात नाही, आणि फ्लायव्हीलही ती लवकर खाते. हौशी ऑफ-रोडिंगला चांगल्या कंपनीची ऑरगॅनिक प्लेटच बरी.

नवी प्लेट आधी कोरडी इनपुट शाफ्टवर घालून पाहा, ती सहज सरकायला हवी. मग स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्त झालेलं ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जातं. प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’ अशी खूण असते. उलटी बसवली तर क्लच सुटणार नाही आणि सगळं काम पुन्हा करावं लागेल. डमी शाफ्टने प्लेट मध्यावर धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळा. गिअरबॉक्स जागेवर बसत नसेल तर बोल्ट आवळून तो ओढून घेऊ नका. प्लेट मध्यावर नाही किंवा जॅकची उंची चुकली आहे असं समजा. शेवटी हवा काढा आणि जुन्या जीपमध्ये पॅडलचा खेळ मॅन्युअलप्रमाणे जुळवा.

लो रेंज कशासाठी?

पहिले काहीशे किलोमीटर नवी प्लेट शहरात, सौम्यपणे चालवावी. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांना बसायला तेवढा वेळ लागतो. मग डोंगर.

डोंगरातली सगळ्यात मोठी बचत ट्रान्सफरच्या दांड्यात आहे. थारच्या लो रेंजचं गुणोत्तर २.४८ आहे. चाकावर तेवढीच ओढ हवी असेल, तर लो रेंजमध्ये क्लचमधून जाणारा टॉर्क अडीचपटीने कमी लागतो. वेगाचंही तसंच. पहिल्या गिअरमध्ये आयडलवर गाडी समजा ताशी ८ किलोमीटरने चालत असेल, तर लो रेंजमध्ये ती सव्वातीन किलोमीटरने चालेल. म्हणजे दगडावरून सरकताना क्लच पूर्ण सोडून, पाय बाजूला ठेवता येतो, आणि घसरणं नाही तर उष्णताही नाही. जे चालक ‘एवढ्याशा चढाला लो कशाला’ म्हणतात, त्यांची किटं जास्त खपतात. मोठ्या टायरांचाही हिशेब यात धरावा. २९ इंचाऐवजी ३३ इंची टायर लावले की चाकाचा व्यास सुमारे १४ टक्के वाढतो आणि तेवढाच क्लचवरचा भार. लो रेंज आधी जिथे लागत नव्हती, तिथे आता लागेल.

गॅरेजमधून निघताना बिलाबरोबर जुनी प्लेट मागून घ्या आणि सर्व्हिस बुकात दोन गोष्टी लिहा : किती किलोमीटरला बदलली आणि कशाने गेली. पुढची प्लेट त्याच कारणाने गेली, तर मेकॅनिक बदलायचा की चालवायची सवय, हे त्या दोन ओळींवरून ठरवता येईल.